त्रेचाळीस-चव्वेचाळीस

मेन स्विच खाली. त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.
तरीही, मालखाझ, आधी मीटर लाव.
तिन्ही फेजना एकेक करून, मग एकमेकींत.
शून्य आलं? आता तोच मीटर जिवंत सॉकेटमध्ये घालून बघ:
मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.

उघड दार.
पन्नास वर्षांची मँगनीजची काजळी.
चियातुरात ती भाकरीवरही बसते,
इथे कॉन्टॅक्टरच्या दातांत बसलीय.
हा उजवा पाळणा वर नेतो, डावा खाली आणतो.
मोटर एकच. दोन तारांची अदलाबदल,
चढण आणि उतरण यांत फरक तेवढाच.

दोघे एकदम मिटले तर
हे दार तुझ्या तोंडावर येईल.
म्हणून उजव्याच्या कॉइलची वाट
डाव्याच्या अंगातून नेलीय, एकवीस-बावीसमधून,
जो डावा निजलेला असेल तोवरच जोडलेला राहतो.
आणि डाव्याची उजव्यातून.
उठण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याला विचारायचं:
निजलायस ना?
माझ्या लग्नात एवढं जरी कुणी जोडून दिलं असतं.
हसू नकोस. नळ्या काप.

उशांगीला मी पाहिलेलं नाही.
त्याच्या गाठी पाहिल्यात:
मेणाचा दोरा, दर दोन बोटांवर एक,
तारांची जुडी अशी वळवलेली की कोपऱ्यावर
एकही तार दुसरीवर चढत नाही.
हे सगळं आज माझ्या कात्रीने जाणार आहे.
नव्या पॅनेलला प्लास्टिकची पन्हळ, वर झाकण.
आत तारा कशा पडल्यात ते कुणी बघत नाही.
मी बघते. तूही बघ.

दुपारी एक तार उरली.
नकाशात नाही, क्रमांक नाही,
उजव्याच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीसमधून निघते,
पट्टीच्या अगदी टोकाच्या स्क्रूत शिरते
आणि तिथून डोंगराकडे जाणाऱ्या केबलमध्ये.
बाहेरून चोवीस व्होल्ट दिले, वरच्या ठाण्याला फोन लावला.
त्सिउरी, तुझ्याकडे काही पेटलं?

हिरवा दिवा, ती म्हणाली. चहाच्या फळीजवळ.
तो नेहमीच लागतो, खालून पाळणा सुटला की.
घंटा नाही का वाजत तुझ्याकडे?
वाजते की. घंटा नियमाची.
मग दिवा कशाला?
ती थांबली. मागे सुयांचा आवाज होता, तोही थांबला.
माझ्या आधी लामारा होती इथे.
दिवा लागला की आरशासमोर जायची.
मी नुसतं विणकाम खाली ठेवते.
काढून टाकणार आहेस का?

गुरुवारी कुतैसीहून तपासनीस येईल.
नकाशात नाही ते पॅनेलमध्ये नको, असं त्याच्या कागदात छापलंय.
बरोबरच छापलंय.
अशाच एका अनोळखी तारेने जुन्या खाणीच्या पंपावर
माझ्या काकाची दोन बोटं नेली.

मी कात्री हातात धरली.
मग ठेवली आणि पेन्सिल घेतली.
नकाशाच्या उजव्या कडेला जागा होती:
एक छोटं वर्तुळ, आत फुली. दिवा.
नव्या कॉन्टॅक्टरलाही तोच संपर्क मोकळा आहे.

आठ मिलीमीटर सोल, जास्त नको,
तांब्याला ओरखडा नको. लग घाल. दाब.
हलकेच ओढून बघ, येतेय का बाहेर.
स्क्रूवर लाल रंगाची रेघ मार, सैल झाला तर रेघ मोडेल.

क्रमांक काय घालू, तो विचारतो.
शेवटचा किती होता?
सत्त्याण्णव.
मग अठ्ठ्याण्णव घाल.

कुलूप काढलं. बटण मी दाबलं नाही, त्याला दाबू दिलं.
जुना धप्प म्हणायचा, फरशी हलायची.
हा फक्त टिचकी मारतो.
पाळणा रिकामाच सुटला, नदीवरून, काळ्या पाण्यावरून.

फोन वाजला.
उचल तू. मला हात धुवायचेत.